वह्या तपासल्या नाहीत म्हणून बाईंशी भांडण झालं, आता तक्रार करू का?

बडोद्यातल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत चौथीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर बाई मतदारयादीच्या कामाला लागल्या, तिसरी-चौथी एकाच खोलीत बसवली आणि दीड महिना वही तपासली गेली नाही. आईनं फाटकातच बाईंना गाठून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच शिकवा घरी." आईनं ते सगळं वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. आता मुलगा म्हणतो, बाई माझ्याकडे बघतच नाहीत. वर तक्रार करावी, की आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेतून, खासगी शाळेत घालावं?

आधी शेवटचं निकालात काढते. आरटीईची २५ टक्के जागांची सोय शाळेच्या प्रवेशाच्या वर्गापुरती आहे, म्हणजे पहिली किंवा त्याआधीचा वर्ग. चौथीतल्या मुलाला त्यातून जागा मिळत नाही. कुणी एजंट "करून देतो" म्हणाला तर पैसे काढू नका.

मी ३१ वर्षं अशाच शाळांत शिकवलं, त्यातली शेवटची ९ वर्षं आचार्य होते. (इथं मुख्याध्यापकाला आचार्यच म्हणतात. बाहेरगावचे पाहुणे दचकतात.) त्यामुळे माझा ओढा बाईंकडे असणार हे धरूनच पुढचं वाचा. तरीही सांगते, त्या तुम्हाला जे बोलल्या ते चुकलं. आणि त्याचा राग मुलावर काढत असतील, तर ते त्याहून वाईट. ते थांबलंच पाहिजे, आणि कसं थांबवायचं तेही सांगते. पण त्याआधी वहीचा हिशोब करू, कारण भांडण तिथून सुरू झालंय.

तिसरीची २१ आणि चौथीची २६ मुलं एका खोलीत आहेत असं धरा. म्हणजे ४७. मराठी, गणित, पर्यावरण आणि आणखी एक भाषा धरली तर १८८ वह्या झाल्या. एका वहीला दोनच मिनिटं दिली तरी सव्वासहा तास लागतात. शाळाच पाच तासांची असते. दोन मिनिटांत होतं काय, तर पान उघडायचं, लाल पेनानं बरोबरची खूण करायची, तारीख टाकायची. मूल कुठं अडलंय ते शोधायला याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणून आम्ही सगळ्याच शिक्षिका एक लबाडी करायचो. रोज एका ओळीतल्या मुलांच्याच वह्या घ्यायच्या, बाकीच्यांच्या नुसत्या चाळायच्या. पालकांना लाल खुणा दिसल्या की बरं वाटतं. मुलाला त्यातून काही मिळालेलं नसतं. खुणा दिसत नाहीत म्हणून तुम्ही चिडलात. मला विचाराल तर खुणा नसलेली वही निदान प्रामाणिक आहे.

"दोन वर्ग एकत्र बसवणं कायद्यात बसतं का?" असंही तुम्ही विचारलंय. बसतं, आणि हे ऐकून पालकांना दर वेळी धक्का बसतो. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी शिक्षकांची संख्या मुलांच्या पटावर ठरवलेली आहे. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे ७५ मुलांच्या शाळेत पाच इयत्ता आणि तीन शिक्षक, तेही कुणी रजेवर नसताना. आपल्या मराठी शाळांचा पट गेली कित्येक वर्षं घसरतोय. घरी मराठी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती, आणि शाळा मात्र इंग्रजी हवी, असं आपलं झालंय. पट घसरला की शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला की वर्ग जोडले जातात, आणि जोडलेले वर्ग बघून आणखी दोन घरं मुलं काढतात. यात तुमच्या बाईंचा दोष शून्य.

आता त्या यादीच्या कामाबद्दल. कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकाला शिकवण्याबाहेरची तीनच कामं देता येतात: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य, आणि स्थानिक संस्था, विधानसभा, संसद यांच्या निवडणुकीशी निगडित काम. वाचायला हे कमी वाटतं, पण 'निवडणुकीशी निगडित' या दोन शब्दांत वर्षाचे किती आठवडे जातात ते शाळेत विचारा. मतदारयादीचं काम शिक्षकांनी सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर करावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच सांगितलेलं आहे. पण ४ नोव्हेंबर २०२५ ला गुजरातेत याद्यांची विशेष फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा महिनाभराची मुदत आणि एका बूथला हजार-बाराशे मतदार होते. हे सुट्टीच्या दिवसांत कसं मावणार?

माझी एक जुनी सहकारी त्या कामावर होती. ती सांगत होती, प्रत्येक घरी फॉर्म द्यायचा, परत घ्यायचा, घर बंद असेल तर तीन फेऱ्या मारायच्या. २००२ च्या यादीत मतदाराचं स्वतःचं किंवा आईवडिलांचं नाव शोधायचं. आपल्या वस्तीत निम्म्या सुना महाराष्ट्रातून आलेल्या. एकीच्या वडिलांचं नाव जळगावच्या यादीत, दुसरीचं धुळ्याच्या. सून म्हणणार, "बाई, मला आमचा जुना बूथ काय माहीत!" मग तिच्या माहेरी फोन लावायचा, तिकडचा भाऊ संध्याकाळी कामावरून येणार, म्हणून रात्री परत फोन. हे असं वीस-पंचवीस घरांत. घरी येऊन मोबाईलवर फॉर्म चढवायचे आणि साइट चालेपर्यंत जागायचं. सकाळी फळ्यासमोर उभं राहायला तीच बाई. फाटकात तुम्ही ज्यांना गाठलंत त्या याच होत्या. त्यांनी बोललेलं बरोबर ठरत नाही यानं, पण कुठून आलं ते कळतं.

आमच्यात म्हणतात ना, वड्याचं तेल वांग्यावर. तुमचा राग शिक्षकांच्या रिकाम्या जागांवर आणि बाहेरच्या कामगिरीच्या हुकमांवर आहे. पण हुकूम काढणारे साहेब तुम्हाला भेटत नाहीत, भेटतात त्या बाई. बाईंचा राग साहेबांवर आणि बंद पडणाऱ्या साइटवर. साहेबांना बोलायची सोय नाही, म्हणून तो निघतो तुमच्यावर. दोघींना सरकारचं जे एकच टोक हाताला लागतं, तेच दोघी ओढताहेत, आणि मधे उभा आहे तुमचा मुलगा.

माझ्या हातूनही हे घडलंय. २०१२ चा डिसेंबर, विधानसभेची निवडणूक, ट्रेनिंग, साहित्य ताब्यात घेणं, रात्री मतदान केंद्रावर मुक्काम. त्याच आठवड्यात एका मुलाचे वडील चार वाजता शाळेत आले. मकरपुरा जीआयडीसीत लेथवर काम करायचे, अंगात कंपनीचा शर्ट, बाहीवर तेलाचे डाग. मुलगा दोन महिने गणितात शून्यावर होता आणि मी तीन वेळा निरोप पाठवला होता. मी पोरासमोरच म्हणाले, "तीनदा बोलावलं तेव्हा वेळ नव्हता, आज बरी आठवण झाली!" ते काही बोलले नाहीत. "बरं बाई," एवढंच म्हणून गेले. मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. नवव्या दिवशी मी तरसालीला त्यांच्या घरी गेले. चहा झाला. मग ते खाली बघत म्हणाले, "बाई, निरोप तुम्ही वहीत लिहिला होता. मला वाचता येत नाही. पोरगा ते पान दाखवायचा नाही. त्या दिवशी अर्धी हजेरी बुडवून आलो होतो, शेजाऱ्यानं वाचून दाखवलं म्हणून." त्यानंतर मी एकही महत्त्वाचा निरोप नुसता वहीत लिहिला नाही. हे सांगण्याचं कारण, तुमच्या बाईंनाही तुमच्याबद्दल काय माहीत नाही याचा विचार करा. तुम्ही दुपारी कामावरून सुटून धावत फाटकाशी येता, हे त्यांना कुणी सांगितलंय?

आता काय करायचं ते.

मुलाची गणिताची वही उघडा आणि एक पान शोधा, एकच. चौथीत हमखास सापडणारं पान सांगते. ५०२ वजा १७८. मूल उत्तर लिहितं ४७६. बरोबर उत्तर ३२४. ४७६ कुठून आलं? पाचातून एक गेला चार. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य काढलं, सात. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन, सहा. मूल आळशी नाही, त्यानं स्वतःचा नियम बनवलाय: मोठ्यातून लहान वजा करायचं, वर असो की खाली. दशकाच्या घरात शून्य असताना शतक मोडून हातचा कसा आणायचा, हे त्याच्या डोक्यात बसलेलं नाही. ही चूक दहा उदाहरणांत सारखीच दिसेल. अशी सारखी चूक दिसली की समजायचं, वही न तपासल्यानं नुकसान नेमकं कुठं झालंय.

ते पान घेऊन बाईंकडे जा. फोटो पाठवू नका, वही हातात घेऊन जा. "तुम्ही वह्या तपासत नाही" यावर बाई फक्त बचाव करू शकतात. "बाई, हा हातच्याच्या वजाबाकीत अडकतोय, मी घरी काय करून घेऊ?" यावर बाईंना शिक्षिका व्हावंच लागतं. तीस वर्षांत अशा प्रश्नाला तोडून बोललेली शिक्षिका मी पाहिली नाही, कितीही थकलेली असो. त्या म्हणतील, दहाच्या नोटा आणि रुपये घेऊन खेळा, शंभराची नोट मोडून दाखवा. ते घरी आठ दिवस करा. जमलं की तेच पान पुन्हा दाखवायला न्या.

ग्रुपवर लिहिलेलं तुम्ही काढून टाकलंय की नाही, ते तुम्ही सांगितलं नाहीत. नसेल तर आज काढा, आणि ग्रुपवरच दोन ओळी लिहा: रागात लिहिलं होतं, बाईंशी समोर बोलणार आहे. हे कमीपणाचं वाटेल. पण ग्रुपवर ४० घरं आहेत, त्यात बाईंची अब्रू गेली असं त्यांना वाटतंय, आणि मुलाकडे न बघणं तिथून आलंय असा माझा अंदाज आहे. बाईंना भेटाल तेव्हा मात्र हेही सरळ बोला: "माझ्यावर रागवा, पण त्याला वर्गात उत्तर द्यायला उठवत जा. तो घरी येऊन रडतो." शब्द जपून, पण स्पष्ट. मुलाला हे बोलणं ऐकवू नका, त्याला बाहेर पाण्याच्या टाकीशी पाठवा. यानंतरही पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर आचार्यांकडे जा. मुलाला मानसिक त्रास देण्याला कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे, आणि ते कलम वापरायला कचरू नका. शिक्षक थकलेला आहे म्हणून मुलानं सोसायचं नाही.

वह्या आणि रिकाम्या जागा यांची तक्रार वेगळी, आणि तिची जागाही वेगळी. ती बाईंच्या विरुद्ध नसावी. शाळा व्यवस्थापन समितीत, म्हणजे एसएमसीत, तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला. कागदावर ही समिती सगळीकडे आहे. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत सह्यांपुरती असते, हे मी आचार्य म्हणून खुर्चीत बसून पाहिलंय आणि त्यात माझाही वाटा होता. रजिस्टर घरी पाठवून सह्या आणायचो. तुमच्या वर्गातून समितीत कोण पालक आहे ते शोधा आणि पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारायला लावा. शाळेत शिक्षकांच्या किती जागा मंजूर आहेत? किती भरलेल्या आहेत? आज किती जण बाहेरच्या कामगिरीवर आहेत आणि किती दिवस? उत्तरं बैठकीच्या रजिस्टरात लिहून घ्या. कलम २६ प्रमाणे रिकाम्या जागा मंजूर जागांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. जास्त असतील तर समितीचा ठराव करून वरच्या ऑफिसला पाठवा आणि आवकच्या शिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवा. शिक्का नसलेला कागद ऑफिसात गेलाच नाही असं समजायचं. कलम ३२ खाली स्थानिक सत्तेकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. तीन महिने म्हणजे मुलाचं अर्धं सत्र, म्हणून हे उद्या नव्हे, आजच सुरू करा. ज्ञान सहायक, म्हणजे ११ महिन्यांच्या करारावरचा शिक्षक, मिळाला तरी घ्या, मराठी माध्यमाला तेवढाही सहज मिळत नाही.

गंमत बघा, अशा ठरावाला सगळ्यात आधी "सही कुठं करू?" म्हणून विचारते ती तुमची वर्गशिक्षिकाच असते. ती स्वतः वर लिहू शकत नाही. तुम्ही लिहू शकता.

याच बैठकीत पुढचंही विचारून ठेवा. जनगणनेचा घरं मोजायचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ आणि माणसं मोजायचा टप्पा फेब्रुवारी २०२७ ठरलेला आहे. फेब्रुवारी म्हणजे परीक्षेच्या तोंडावर. तेव्हा कोणत्या वर्गाच्या बाई जाणार आणि त्या वर्गाकडे कोण बघणार, हे आधीच ठरवून घेतलं तर दिवाळीनंतरचं भांडण पुन्हा होणार नाही.

एक काम फक्त तुमच्या हातात आहे, आणि ते बाईंचे निदान दोन दिवस वाचवतं. मुलाचं आधारकार्ड आणि शाळेच्या रजिस्टरातलं नाव जुळवून घ्या. आपल्याकडे रजिस्टरात आधी आडनाव, आधारवर आधी मुलाचं नाव. एका ठिकाणी 'पाटील', दुसरीकडे 'पाटिल'. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. हे जुळलं नाही की अपारचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या ओळखीचा, नंबर निघत नाही, आणि स्कॉलरशिप अडकते. मग बाई वर्ग सोडून कॉम्प्युटरपाशी बसतात. परिपत्र गुजरातीत येतं, ते पालकांना मराठीत समजावत फोनवर फोन. जूनमध्येच कागद नीट करून दिलेत तर नोव्हेंबरात ती बाई तुमच्या मुलाची वही बघेल.

सयाजीराव महाराजांनी सक्तीचं शिक्षण अमरेलीत १८९३ ला सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं, हे शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. मूल शाळेत आलं नाही तर पालकांना दंड व्हायचा, हे भिंतीवर नसतं. म्हणजे पालक आणि मास्तर यांचं भांडण आपल्या गावात सव्वाशे वर्षांचं आहे. तेव्हा पालक म्हणायचे मूल शेतात हवंय, आता म्हणतात बाई वर्गात हव्यात. मला ही प्रगतीच वाटते.

मिटिंगची वाट बघू नका, ती दुपारी तीनला ठेवतात आणि तुमची हजेरी बुडते. शनिवारी शाळा सकाळची असते. सुटायच्या वेळी फाटकाबाहेर थांबा, मुलं निघून गेली की आत जा. त्या दिवशी बाईंना बूथवर जायचं नाही ना, हे आदल्या दिवशी एका मेसेजनं विचारून घ्या, खासगीत. आणि ५०२ वजा १७८ चं पान दुमडून ठेवा, नाहीतर ऐन वेळी सापडत नाही.